पहिल्या बादलीचा लाभ

भिकनला अन्नाची शिसारी बसली ती काही एका दिवसात नाही. शेंद्र्याच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये तो खरकटं काढायच्या कामाला लागला आणि ती हळूहळू चढत गेली. माणसं जेवताना माणसांसारखीच दिसतात. ती उठून गेल्यावर त्यांची ताटं बघावीत. भातात खुपसलेला कागदी रुमाल. डाळीत फुगून बसलेली अर्धी पोळी. दह्याच्या वाटीत थुंकलेली बडीशेप. एका महाभागानं तर न चावलेल्या गुलाबजामात दात कोरायची काडी रोवून ठेवली होती. अरे, नको होतं तर वाढून घेतलंस कशाला? पण हे विचारायचं कुणाला? ताट सरकवणारा तोवर तोंड पुसत मोबाईल बघत निघून गेलेला असायचा.

हे सगळं भिकन हातमोजा घालून निळ्या बादलीत ढकलायचा. भात, भाजी, ताक, हाडकं, सगळं एकत्र. वरून कोमट वाफ यायची आणि ती थेट घशात जाऊन बसायची.

घरी येऊन तो साबण लावून कोपरापर्यंत हात घासायचा, तरी वास जायचा नाही. बायको रत्नमाला कधी पिठलं करायची, कधी मेथी परतायची, कधी लसणाचा ठेचा. ताट समोर आलं की भिकनला त्यात बादलीच दिसायची. घास तोंडापर्यंत जायचा आणि परत यायचा. पँट कमरेवरून घसरू लागली. एकदा कामावर चक्कर येऊन तो फरशीवर बसला. डॉक्टरनं तपासलं, काही नाही म्हणाला, टॉनिक दिलं. टॉनिकचाही वास यायचा.

"दोन घास तरी खा ना," रत्नमाला म्हणायची. "असं किती दिस चालायचं? मला भेव वाटू लागलं बघा."

भिकन चहा प्यायचा आणि कूस बदलून पडायचा. माणूस चहावर किती दिवस जगतो, हे तिलाही कळत होतं आणि त्यालाही.

त्यात घरात त्याची आई, बानाबाई. उभा जन्म मेंढरांमागं रानोमाळ काढलेला, आता चिकलठाण्यातल्या पत्र्याच्या दोन खोल्यांत बसून राहायची पाळी आलेली. या म्हातारीला कशाचंही कौतुक! नळाला पाणी आलं की नळाला हात जोडणार. आठवड्यानं आलेलं, गढूळ, तरी हात जोडणार. दारात ऊन आलं की "आलास का बाबा," म्हणून त्याच्याशी बोलणार. दात एकही नाही, म्हणून डाळीच्या पाण्यात भाकर कुस्करून, तिचा गिचका करून खाणार, आणि हनुवटीवरून ओघळ येत असताना म्हणणार, "लई गोड लागलं बया." तो गिचका भिकनला बघवायचा नाही. आई जेवायला बसली की तो उठून बाहेर जायचा. पोटच्या पोरानं आईच्या जेवणाला नाक मुरडावं, याचीही त्याला किळस यायची, पण इलाज नव्हता.

अशात कारखान्यात अन्नसप्ताह आला. कँटीनच्या भिंतीवर 'अन्नाचा मान राखा' अशी पाटी लागली, पाटीला हार घातला, आणि पाटीखाली रोजच्यासारखंच खरकटं साचलं. ऑफिसातल्या सायली मॅडम मोबाईल घेऊन आल्या.

"मामा, बादल्या टेम्पोत ठेवताना मोठ्यानं मोजा हं. व्हिडिओ करायचाय."

भिकननं पहिली बादली उचलली. काठोकाठ भरलेली, वर तरंगणारं तेल. ती टेम्पोत ठेवताना त्याच्या तोंडून मोठ्यानं, खणखणीत शब्द गेला, "लाभ!"

"काय म्हणालात?" मॅडम हसून म्हणाल्या.

"एक. एक म्हणलो."

मागं कुणीतरी खिदळलं. भिकनच्या मात्र अंगावर काटा आला. लहानपणी बापाबरोबर तो रानात असायचा. शेतात रात्री मेंढरं बसवली, रानाला खत मिळालं, की मालक खळ्यावर बोलावून धान्य द्यायचा. बाप धोतराचा सोगा पसरायचा. मालक राशीला हात लावून पहिलं माप ओतायचा; त्या मापाला कुणी एक म्हणत नसे, लाभ म्हणायचे. पुढं दोन, तीन. तेव्हापासून मोजायचं म्हटलं की भिकनच्या जिभेवर तोच शब्द पहिला यायचा. आणि आज तो त्यानं थुंकीत भिजलेल्या भातावर घातला होता. टेम्पो गेल्यावर तो भिंतीआड जाऊन ओकला. पोटात काही नव्हतंच, चहाच पडला.

घरी गेला तेव्हा बानाबाई जेवायला बसत होती. भिकन बाहेर गेला नाही, उंबऱ्याशी बसला.

"माय," तो म्हणाला, "म्या आज खरकट्याला लाभ म्हणलो."

आता ही कपाळावर हात मारणार, देवापुढं नाक घासायला लावणार, असं त्याला वाटलं. म्हातारीनं विचारलं, "काय काय व्हतं त्यात?"

"काय असायचं? भात, पोळ्या, डाळ. गुलाबजाम."

"गुलाबजाम बी?" तिचे डोळे मोठे झाले. "आन् टाकले? मुडदा बशिवला त्यांचा!"

मग ताटातली भाकर कुस्करत म्हणाली, "बरं केलंस. येवढ्या लोकायनं नासलं, एकानं बी नाव नाय घेतलं त्याचं. जाता जाता तू तरी घेतलंस. शेवटी ते अन्नच की रं, भिक्या."

तेवढ्यात तिच्या तोंडातून एक कुसकर जमिनीवर पडला. तिनं तो उचलला, फुंकला, कपाळाला लावला आणि खाल्ला. एरवी हे बघून भिकन उठून गेला असता. पण तो बघत राहिला. आज दिवसभरात अन्न कपाळाला लावलेलं त्यानं पहिल्यांदा पाहिलं होतं.

त्यानं हात पुढं करून टोपल्यातली भाकर मोडली. नुसतीच, कोरडी. घास तोंडाशी नेला आणि वाफ, ताक, बडीशेप, सगळं एकदम घशात चढून आलं. त्यानं डोळे मिटले.

"लाभ," तो पुटपुटला आणि गिळला.

चुलीपाशी रत्नमालाचा थापता हात थांबला होता. तिनं मागं वळून पाहिलं नाही. बघितलं आणि याचा घास अडला तर, अशी तिला भीती वाटली.

बानाबाईनं ओल्या हातानंच भाकरीचा दुसरा तुकडा मोडून त्याच्यापुढं धरला.

"हं," ती म्हणाली, "दोन."