जावयाच्या हातची बिस्किटं

जावयाला पाटावर कसं बसवायचं, चांदीची वाटी कोणत्या हाताला ठेवायची, पूर्ण पोशाख द्यायचा की नुसता टॉवेल-टोपीवर भागवायचं, हे सगळं आमच्या जिंतूरकडं ठरलेलं आहे. पण जावई आपल्याच स्वयंपाकघरात शिरला आणि कंबरेला टॉवेल गुंडाळून पीठ कालवायला लागला, तर सासऱ्यानं तोंड कुठं करून बसायचं, हे मात्र कुणी सांगून ठेवलेलं नाही.

धोंड्याचा महिना होता. लेक-जावई पुण्याहून निघाले, देवगाव फाट्यावरून फोन आला, मी पंचा खांद्यावर टाकून फाटकात उभा. गाडी आली. जावयानं पाया पडून आधी डिकी उघडली आणि आतून एक खोकं काढलं. मला वाटलं, सासऱ्याला टीव्ही आणला. निघाली भट्टी! विजेवरची, छोटी, काचेच्या दाराची.

"मामींसाठी," जावई म्हणाला.

झालं होतं असं की वर्षभरापूर्वी डॉक्टरनं आमच्या मंडळींचं दूध बंद केलं. दूध, तूप, लोणी, काही पचेना. तेव्हापासून ती दुपारी कोरा चहा घ्यायची, आणि दुकानातल्या बिस्किटात दूध असतं म्हणून नुसताच. सोबत काही नाही. जावयानं हे फोनवर ऐकलं, आणि हा पठ्ठ्या तिच्यासाठी बिनदुधाची बिस्किटं शिकून आला.

"दूध न्हाई, तूप न्हाई, मग हाय काय त्याच्यात?" मी दारात उभा राहून विचारलं.

"ओट्स, कणीक, गूळ, तेल, किसमिस आणि दालचिनी, मामा."

"म्हंजे घोड्याचा खुराक आन वर मेवा."

"पप्पा, तुमी बाहेर बसा बरं," लेक म्हणाली. "तुमाला चहा तरी येतो का करायला?"

माझ्या घरात, माझ्या लेकीनं, माझ्या बायकोसमोर! आणि बायको हसली. वर जावयाकडं असं कौतुकानं पाहिलं की मी लग्नात फेटा बांधून घोड्यावर बसलो होतो तेव्हासुद्धा माझ्या वाट्याला ती नजर आली नव्हती.

बिस्किटं झाली. मऊ, लुसलुशीत. मंडळींनी सवयीप्रमाणं एक उचललं आणि चहात बुडवलं. बुडवताक्षणी त्याचा अर्धा भाग बुडाला तो बुडालाच. जावई हळूच म्हणाला, "मामी, ही तशीच खातात." पण ती कुठली ऐकते! बशीत राहिलेला लगदा तिनं चमच्यानं खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाली, "लय झक्कास."

लगद्याला झक्कास! मी तिच्यासाठी परभणीहून पैठणी आणली होती तेव्हा ती "बरी हाय" म्हणाली होती. रात्रभर ते "झक्कास" माझ्या उशीखाली खड्यासारखं टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी धोंड्याचं जेवण. सकाळीच जावयानं पीठ कालवून, गोळे करून ताटलीत मांडून फ्रीजमध्ये ठेवले. जेवण झालं की भाजायचे, मामींच्या चहाला गरमागरम. मी ती ताटली पाहिली आणि माझ्या मनात कपट आलं. सासऱ्याला जावयावर हात उगारता येत नाही, आवाज चढवता येत नाही. पण एक हत्यार आमच्या वाडवडिलांनी ठेवलंय. आग्रह!

मी स्वतः वाढायला उठलो. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार.

"मामा, बास."

"बास काय? धोंड्याच्या जेवणात जावयानं न्हाई म्हणायचं नसतं."

"मामा, खरंच पोट भरलं."

"एक माझ्या नावाचा. हा मामींच्या नावाचा. आन हा अनारसा तुमच्या आईच्या नावाचा, त्यांना न्हाई म्हणताव का?"

शेवटी आईचं नाव आल्यावर बिचारा काय करणार! पानावरून उठला तो भिंतीला धरून. दिवाणावर आडवा झाला आणि पंख्याखाली घोरायला लागला. मी मनात तुतारी फुंकली.

मायलेकी शेजारी अनारशाचं वाण द्यायला निघाल्या. जाताना मंडळी म्हणाली, "जावईबापू उठले की बिस्किटं होतील. आमी चहाला येतोच." आणि काय सांगू, नव्या पोरीसारखी लगबगीनं गेली.

ती लगबग पाहून माझी तुतारी बंद पडली. ती येणार, कोरा चहा मांडणार, आणि सोबत पुन्हा काही नाही. जावयाला हलवून पाहिलं. तो "उं" म्हणाला आणि कुशीवर वळला. मग म्हटलं, हा काल शिकलेला गडी करतो, तर आपल्याला काय धाड भरली?

हात जोडून देवाचं नाव घेतलं आणि भट्टीचा कान पिळला. ताटली आत सरकवली. थोड्या वेळानं बोट लावलं, तर मऊ. कच्चीच की! परत आत. पुन्हा बोट, पुन्हा मऊ. परत आत. तेवढ्यात माझ्या खतबियाण्याच्या दुकानातून फोन आला, एक गिऱ्हाईक सोयाबीनच्या बियाण्यावरून भांडत होतं. मी त्याच्याशी भांडलो, आणि वास आल्यावर धावलो. बिस्किटं तांबूस-काळी, कडक, ताटलीत टाकली की खणखण वाजत होती.

पाऊल वाजलं. मी पटकन बिस्किटं मांडून पेपरआड बसलो. नाटकात राजा उशिरा येतो. आधी तिला "झक्कास" म्हणू द्यायचं, मग पेपर बाजूला करून उभं राहायचं, असा माझा बेत.

तिनं कोरा चहा केला, एक बिस्कीट त्यात बुडवलं. बाहेर काढलं. अखंड! चहा पिऊन टम्म, पण मोडलं नाही. ती दुसऱ्याकडं वळली, मग तिसऱ्याकडं.

"अगं बाई! कालच्याहून आज किती झक्कास! जावईबापूंना आज बरोबर जमलं बघ. करून ठेवून परत आडवे झालेत बिचारे."

राजा उठला. "ती मी केलीत."

मायलेकी एकमेकींकडं पाहून अशा हसल्या की दिवाणावरचा जावई जागा झाला. मंडळींनी त्याच्यापुढं ताटली नेली. "तुमी कमालच केली."

त्यानं एक बिस्कीट उचललं, वाजवून पाहिलं. "मामी, ही मी नाही केली. मामांनी केली असतील."

"बघ," मंडळी लेकीला म्हणाली, डोळ्यांत पाणी आणून, "किती मोठं मन! सासऱ्याची इज्जत राखायलाय."

लेक जावई गेले, भट्टी इथंच राहिली. आता दुपारी दुकान बंद करून मी येतो, कालवतो, भाजतो. मंडळी समोर बसून बघते, त्यामुळं कुणी केली याचा वाद उरलेला नाही. बुडवते, चावते, विचार करते.

"बरी हाय. पण जावईबापूंनी त्या दिवशी केलेली, त्याची सर न्हाई."

परवा शेवटी अंगणात जाऊन, आवाज बारीक करून, मी जावयाला फोन लावला.

"जावईबापू, त्या दिवशीची बिस्किटं किती वेळ भाजली होती?"

"मला काय माहीत, मामा," तो म्हणाला. "मी झोपलो होतो."