एका लॅटिन खोलीची चार कार्डं

शब्दांची कार्डं खोक्यात मावतात. ती गोळा करताना घडलेल्या गोष्टी मावत नाहीत. आमचं खोकं औरंगपुऱ्यात, एका दुकानाच्या माडीवर. शहरातल्या बोलीचा कोश करायला आम्ही चौघं दर शनिवारी तिथं जमतो. संपादक जोशीसर. त्यांचे नियम दोन. वाक्य स्वतःच्या कानानं ऐकलेलं हवं. आणि बोलणाऱ्याला ते वाचून दाखवून होकार घ्यायचा. मगच कार्डावर टिक!

*

‘कमरा’ आणला रहीमभाईंनी. ते बाइंडिंगचं काम करतात. “हा आमचा खास शब्द!”

सर म्हणाले, “मूळ लॅटिन. कामेरा, म्हणजे कमानदार छताची खोली. पोर्तुगिजांबरोबर इकडं आला.”

रहीमभाईंनी वर छताकडं बघितलं. मग म्हणाले, “फिर कमरे की चुना-पुताई भी वोइच करना! हर साल मेरेकू कायको?”

*

‘चेंबर’ही त्याच कामेराचा, फ्रेंचमधून इंग्रजीत गेलेला. फुलंब्रीच्या शिक्षिका सुलभाताई वाक्य ऐकायला गटार उपसणाऱ्यांजवळ तासभर उभ्या राहिल्या. माणसं नुसती खुणांवर काम करत होती. अखेर एकजण ओरडला, “ओ ताई, चेंबरवरून सरका की!”

ताईंनी तिथंच, झाकणावर उभं राहून वाक्य लिहिलं. वाचूनही दाखवलं!

“बरोबरय,” तो म्हणाला. “आता तरी सरका!”

*

‘कॉम्रेड’ म्हणजे मुळात एका खोलीत राहणारा. रहीमभाईंनी बोटं मोजली. “मग आमच्या घरी नऊ कॉम्रेड. अन् एकाचं दुसऱ्याशी पटत नाय!”

माझी बायको नंदा गेल्या वर्षी गेली. मला कुणी आकडा विचारला नाही.

*

राहिला ‘कॅमेरा’. पूर्वी अंधाऱ्या खोलीत बारीक भोकातून उजेड घेऊन चित्र पाडायचे. यंत्राला नाव मिळालं त्या खोलीचं. ते कार्ड माझ्याकडं. वाक्य नंदाचं, शेवटच्या आजारातलं. होकार घ्यायचा राहून गेला होता. सोमवारी कोश छपाईला जाणार, आणि टिक असल्याशिवाय कार्ड जाणार नव्हतं. दुसऱ्या कुणाचं वाक्य मला घालायचं नव्हतं.

“वाचून दाखवलंत?” सरांनी विचारलं.

“रोज सकाळी. फोटोसमोर.”

सर पेन धरून बसले. “मग? काय म्हणाल्या?”

“काही नाही.”

रहीमभाई म्हणाले, “पसंत नसलं तर भाभी कधी गप बसल्या का? टिक करा, सर!”

सरांनी टिक केली. मी कार्ड खोक्यात ठेवण्याआधी एकदा मोठ्यानं वाचलं:

“अहो, ठेवा तो कॅमेरा खाली. नुसतं बघा माझ्याकडं.”