कोरडी फरशी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, डॉक्टरला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण काल दिघीच्या रस्त्यावर आमच्या धावणाऱ्या ग्रुपने माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या – आणि मला स्वतःची इतकी किळस आली की घरी येऊन दोनदा आंघोळ केली.

माझं वय अठ्ठावन्न. गुडघ्यातली गादी फाटली, ऑपरेशन झालं, आठ महिने धावणं बंद. मग एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं, अशी पुन्हा सुरुवात केली. काल न थांबता पाच किलोमीटर झाले. सगळे म्हणाले, काका, जिद्द असावी तर अशी! कसली डोंबलाची जिद्द?

गुडघा फाटला तो धावतानाच. आधीपासून दुखत होता. बायकोने बजावलं होतं, "महिनाभर धावलात तर बघा." मी फिरायला जातो म्हणून निघायचो आणि टेकडीच्या उतारावर धावायचो. एका सकाळी तिथेच गुडघ्यात कट्ट आवाज झाला. दात आवळून घरी आलो. आता सांगणार काय? तिच्या "मी सांगत नव्हते?" या एका वाक्याला मी घाबरलो. एवढ्यासाठी! हसा खुशाल.

दुपारी सेकंड शिफ्टला चाकणच्या कंपनीत गेलो. मी तिथे सुपरवायझर. गंगाधर आमच्या लाइनवर सफाईला होता – परभणीकडचा, ठेकेदाराचा माणूस. मशीनमागची फरशी त्याने नुकतीच पुसली होती. मी – कसं लिहू हे? – मी ऑइलचा डबा उचलला, त्या फरशीवर ओतला आणि त्यात बसलो. मग ओरडलो.

पहिला धावत आला तो गंगाधरच. "उठू नगा सायब, मी हाय ना," म्हणत त्याने मला पाठीवर घेतलं. माझ्या पँटच्या तेलाने त्याचा शर्ट माखला.

कंपनीत अपघात झाला की एक कागद भरतात. हे का झालं, मग ते का झालं – असं पाचदा विचारायचं, मूळ कारण सापडेपर्यंत. लाइनवरच्या लोकांना ही पद्धत मीच शिकवायचो. दुसऱ्या दिवशी गुडघ्याला पट्टा बांधून मीच तो कागद भरला. का पडलो? तेल होतं. तेल का होतं? पुसलं नव्हतं. असं करत पाचव्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं – गंगाधरचा हलगर्जीपणा.

"म्या पुसलं व्हतं. सायबाला इचारा," तो सगळ्यांसमोर म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला. त्याला खात्री होती हो, की मी खरं सांगेन! मी खाली मान घालून गुडघा चोळत बसलो. त्याच दिवशी त्याचा गेटपास काढून घेतला. तो पुढे कुठे गेला? मी विचारलं नाही. त्याचा नंबर होता माझ्याकडे, तोही पुसून टाकला.

बायकोने ती पँट तीनदा घासली, गंगाधरला शिव्या घालत. मी पलंगावर बसून तिच्या हातचा शिरा खात होतो. चवीने खात होतो.

काल टाळ्या थांबल्यावर पुनावळ्याहून येणाऱ्या एका आयटीवाल्याने विचारलं, "काका, पण तुम्ही पडला कसे?" आणि अजूनही – इतकं सगळं होऊनही – मी सवयीने म्हणालो, "फरशीवर तेल होतं. सफाईवाल्याने पुसलं नव्हतं."

फरशी कोरडी होती. गंगाधरने पुसली होती.