गळ्यातली नळी आणि जोडलेले हात

नवघरच्या बापूरावांनी लावलेलं लग्न टिकतं, असं भाईंदर पूर्वेला सगळे म्हणायचे. टिकतं ते भीतीपोटी, असं वैजयंताबाई म्हणायच्या. त्या बापूरावांच्याच पत्नी, तेव्हा त्यांचा अनुभव दांडगा होता.

बापूराव स्टीलची भांडी बनवणाऱ्या एका गाळ्यात सुपरवायझर होते. आठवडाभर ताटवाट्यांच्या खणखणाटावर आवाज चढवायचा आणि सुट्टीच्या दिवशी पांढरा शर्ट, पांढरी पँट चढवून लग्नं लावायची, असा त्यांचा रिवाज. ते बौद्धाचार्य होते. बौद्ध लग्नात बौद्धाचार्य पुढे बसून त्रिसरण-पंचशील म्हणतो, सगळा मांडव हात जोडून त्याच्या मागून म्हणतो, मग वधूवर प्रतिज्ञा घेतात आणि डोक्यावर फुलं पडतात. बापूरावांचा आवाज असा, की मांडवामागे जिलेबी तळणारा आचारीसुद्धा झारा थांबवून ऐकायचा. लाऊडस्पीकरवाला माइक पुढे करायचा, तर हे ‘ठेव बाजूला’ म्हणून मान हलवायचे.

पण आवाजापेक्षा त्यांचा धाक होता तो हातांबद्दल. पंचशील म्हणताना दोन्ही हात छातीपाशी, बोटाला बोट लागलेलं, कोपरं अंगाशी. सुरुवात करण्याआधी ते मांडवभर नजर फिरवायचे आणि कुणाचे हात जरा सैल दिसले की नावानिशी पुकारा व्हायचा. एकदा नवऱ्यामुलाच्या मामाने एका हातात पानाची पुडी धरून दुसराच हात छातीला लावला होता. बापूरावांनी लग्न थांबवलं. म्हणाले, “मामा, पान पळून जात नाय. दोन्ही हात.” मामाने घाईघाईत पुडी तोंडात कोंबली आणि कागदासकट चावत पंचशील ऐकलं. तेव्हापासून नवघरात ज्याला लग्नाचं आमंत्रण जाई, तो आधी विचारून घेई, लावणारे कोण आहेत म्हणून.

नव्वद सालच्या सुमाराला बापूरावांच्या गळ्यावर गाठ आली. थायरॉइडची. मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात ती काढली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की आवाजाच्या पडद्यांच्या नसा गाठीला अगदी खेटून जातात, कधीकधी त्या दुखावतात. बापूरावांच्या दुखावल्या. आणि गंमत अशी, की आवाज गेला नाही, श्वास गेला. दोन्ही पडदे मध्यावर येऊन बसले, ते बाजूला व्हायचं नाव घेईनात. बोलायला तेवढी फट पुरायची, श्वासाला पुरायची नाही. गाळ्यापर्यंत चालत जायचं म्हटलं तरी गळ्यातून शिट्टी वाजायची. शेवटी एका सकाळी दाढी करता करता त्यांचा श्वास असा कोंडला, की ओठ निळे पडले. शेजारचे ईश्वरभाई टेम्पो घेऊन धावले. हॉस्पिटलात डॉक्टरांनी कंठमण्याच्या खाली भोक पाडून नळी बसवली आणि बापूराव वाचले.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी तोंड उघडलं, ओठ हलवले, पण आवाज काही निघेना. घाबरून त्यांनी वैजयंताबाईंचा हात धरला. वॉर्डातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या पण बोलायला पक्क्या. त्या म्हणाल्या, “आजोबा, तुम्ही आता श्वास इथून घेताय. हवा वर पडद्यांपर्यंत जातच नाही, मग आवाज येणार कुठून?” बापूरावांना नळीपेक्षा ‘आजोबा’ जास्त लागलं.

जखम भरल्यावर बाईंनी दुसरी नळी घातली, चांदीची, हवा वर जायला आतल्या अंगाला बारीक खिडकी असलेली. म्हणाल्या, “श्वास घ्या. आता स्वच्छ बोटाने हे तोंड बंद करा आणि बोला.”

बापूरावांनी बोट लावलं आणि म्हणाले, “चाय.”

आवाज खरखरीत होता, पण होता त्यांचाच. वैजयंताबाईंना रडू फुटलं. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याने चहा मागितल्याचा असा आनंद त्यांना पहिल्यांदाच झाला होता.

“एक लक्षात ठेवा,” बाई म्हणाल्या. “बोट लावायचं नि काढायचं. बूच कधी लावायचं नाही. आत घ्यायला हवा कुठनं मिळणार?”

मग घरी नळीचा संसार सुरू झाला. नळीच्या आत आणखी एक नळी, ती काढायची, वेगळ्या पातेल्यात उकळायची, ब्रशने साफ करायची, पुन्हा बसवायची. वैजयंताबाई हे काम भांडी घासावीत इतक्या सहज करू लागल्या. शेजारच्या हंसाबेन, म्हणजे ईश्वरभाईंच्या पत्नी, रोज डोकावून बघायच्या. एकदा त्यांनी हळूच विचारलं, “वैजयंताबेन, ये चांदी असली है?” वैजयंताबाई म्हणाल्या, “असली है. मेरा मंगळसूत्र से ज्यादा भाव इसको है, रोज पॉलिश करती मैं.”

गाळ्यावरही बापूराव परतले. भोकावर ओल्या गॉझची पट्टी, धूळ जायला नको म्हणून. कामगारांची तर सोयच झाली. पूर्वी ओरडा कधी बसेल ते कळायचं नाही. आता साहेबांचं बोट गळ्याकडे निघालं की सगळे सरळ होऊन कामाला लागायचे. बोट पोचेपर्यंत ओरडायला काही उरतच नसे.

सगळं मार्गी लागलं आणि पंचशीलाचं लग्न ठरलं.

पंचशीला ही बापूरावांची एकुलती एक मुलगी. मीरा रोडच्या एका शाळेत शिकवायची. नवरामुलगा उदय, हिंगोलीकडचा, पोस्टात नोकरीला. मुलगी जन्मली तेव्हाच बापूरावांनी दोन गोष्टी ठरवल्या होत्या: हिचं नाव पंचशीला ठेवायचं आणि हिचं लग्न आपण लावायचं. दुसऱ्यांच्या किती लेकी त्यांनी नांदायला धाडल्या, प्रत्येक वेळी मनात म्हणायचे, एक दिवस आपलीही बसेल समोर. आणि आता ती बसणार होती, तर बोलायला एक हात गळ्याशी लागत होता. एका हाताने पंचशील! ज्यांनी मामाला कागद खायला लावला, त्यांनी!

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, आजारी माणूस आहे, चालतं. लोकही तेच म्हणत होते. पण बापूरावांना ते चालत नव्हतं, आणि न चालण्याचं दुःख खरं होतं. ते जेवेनात. शेवटी लग्न लावायला म्हणून त्यांनी हरिश्चंद्राला बोलावणं धाडलं. हरिश्चंद्र हा मोरव्याच्या बाजूचा बौद्धाचार्य, त्यांचा जुना दोस्त. आवाजात बापूरावांपेक्षा डावा, पण हौस दुप्पट.

पंचशीलाच्या कानावर हे गेलं तशी ती पदर खोचून बापासमोर उभी राहिली. “बाबा, लग्न लावाल तर तुम्ही. नायतर मी कोर्टात जाऊन सही करते, मग ठेवा तुमचा मांडव.”

“हात कसे जोडू?” बापूरावांनी बोट लावून विचारलं.

पंचशीलाने खोचलेला पदर सोडला. ती आत गेली.

मग उपाय सुरू झाले. हंसाबेननी सॉसच्या बाटलीचं रबरी बूच धुऊन आणलं. “एकदम फिट बैठेगा,” असं म्हणेपर्यंत वैजयंताबाईंनी ते खिडकीबाहेर भिरकावलं होतं. पुढचा उपाय वैजयंताबाईंचा स्वतःचा. बापूरावांनी हात जोडायचे आणि शेजारी बसून बोट यांनी लावायचं. तालीम झाली. पण बापूरावांना श्वास घ्यायचा असायचा तेव्हा बोट घट्ट, आणि बोलायचं असायचं तेव्हा बोट हवेत. त्यातून बाई नुकत्याच सुकटीची चटणी वाटून उठलेल्या. बापूराव असे खोकले, की गॉझ उडून समोरच्या भिंतीवर चिकटलं.

“आयुष्यभर मला बोलू दिलं नाहीस, आता तरी दे,” ते स्वतःचं बोट लावून, धापा टाकत म्हणाले.

“तुमचा गळा धरावा असं खूपदा वाटलं मला,” वैजयंताबाई म्हणाल्या, “पण धरायला मिळाला तेव्हा जमंना बघा.”

एवढ्यात हरिश्चंद्र आला. येताना कुठूनसा माइक घेऊन आला. त्याचं म्हणणं, आवाज भोकातून बाहेर पडत असेल तर माइक भोकालाच लावू. लावला. आख्ख्या चाळीला सायकलीच्या ट्यूबमधून हवा गेल्यासारखं फुस्स ऐकू आलं, दुसरं काही नाही. तरी हरिश्चंद्र हटेना. “बापू, आवाज बारीक कर. बापू, मान वर कर. बापू, असं कर, तू नुसते ओठ हलव, मी मागनं म्हणतो.”

“बूच परत ले आऊँ?” दारातून हंसाबेन.

“तुम्ही गप बसा हो सगळे, मी बोट लावते,” वैजयंताबाई.

बापूरावांचा संयम सुटला. आपल्याकडे माणूस टेकीला आला की काय करतो? दोन्ही हात जोडून हनुवटीपर्यंत नेतो. बापूरावांनीही नेले, आणि गरजले, “हात जोडतो रे बाबांनो, पुरे करा!”

हरिश्चंद्राने माइक खाली ठेवला. ओरडा खाल्ला म्हणून नव्हे. हात जोडलेले होते आणि आवाज आला होता. जोडलेले हात गळ्याशी गेले तेव्हा दोन्ही अंगठे बरोबर नळीच्या तोंडावर बसले होते. बापूरावांनी खाली वाकून स्वतःच्या अंगठ्यांकडे बघायचा प्रयत्न केला, ते काही दिसेनात. त्यांनी अंगठे जरा मागे घेतले, श्वास भरला, पुन्हा टेकवले. “वैजू,” ते म्हणाले. एवढंच म्हणाले, पण त्यांना इतका आनंद झाला होता, की चारचौघांत बायकोला वैजू म्हटलं हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. वैजयंताबाईंच्या आलं. त्या चहा ठेवायला आत पळाल्या.

लग्न मे महिन्यात नवघरच्या मैदानात झालं. खाडीवरून वारा येत होता, मांडवाचं कापड फडफडत होतं. एका बाजूला बापूरावांचे रत्नागिरीकडचे पाहुणे, दुसऱ्या बाजूला हिंगोलीकडचे. समोर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या. वैजयंताबाईंनी बापूरावांचे दोन्ही अंगठे साबणाने असे घासले होते, की ते सोललेल्या गाजरासारखे दिसत होते.

बापूराव बसले. पुढ्यात पांढऱ्या साडीतली पंचशीला आणि उदय. बापूरावांनी हात जोडले, गळ्यापर्यंत वर नेले आणि सुरुवात केली. आवाज पूर्वीचा नव्हता. मांडवामागच्या आचाऱ्यापर्यंत तो पोचला नसता, म्हणून माइक घ्यावा लागला. पण शब्द एकेक स्वच्छ येत होता. मध्येच अंगठे मागे जायचे, श्वास आत यायचा, अंगठे पुन्हा टेकायचे.

त्रिसरण झालं, पहिलं शील झालं, आणि बापूरावांची नजर सवयीने मांडवभर फिरली.

हिंगोलीकडच्या पहिल्या रांगेत उदयचे काका उत्तमराव बसले होते. त्यांचे जोडलेले हात छातीपाशी नव्हते, गळ्याशी होते. अंगठे गळ्याच्या खळीत. त्यांच्या शेजारच्याचेही तसेच. मागच्या रांगेतही. उत्तमराव शेजाऱ्याला हळूच सांगत होते, “आपल्याकडं नाही बा असं. कोकणात असंच करायलेत वाटतं. मुलीकडचा मान हाय, करा तुमी बी.” आणि पलीकडे रत्नागिरीकडच्या बायका एकमेकींना खुणावत होत्या, “पोराकडची पद्धत असंल गो, वर धर हात.” बापूरावांच्या हातांची शिस्त साऱ्यांना ऐकून माहीत होती. त्यांनी हात जिथे ठेवले, तिथेच ठेवायचे असणार, यात कुणाला शंका नव्हती. एवढंच नव्हे, बापूराव श्वासासाठी अंगठे मागे घेत, तसा सगळा मांडवही हात मागे घेई आणि पुन्हा गळ्याला लावी. हरिश्चंद्रसुद्धा!

बापूरावांना हसू आलं. अंगठे मागे होते, त्यामुळे हसू नळीतूनच फुसफुसत निघून गेलं, कुणाला कळलं नाही. आता सांगावं लागणार, असं त्यांच्या मनात आलं. हात छातीपाशी घ्या, हे माझ्यापुरतं आहे, असं. ते सांगायला म्हणून त्यांनी समोर पाहिलं.

समोर पंचशीला होती. तिचेही हात गळ्याशी होते, अंगठे खळीत दाबलेले. घरी अंगठ्यांची तालीम झाली तेव्हा ती हजर होती. हे हात वर का गेले ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिची काही चूक होत नव्हती. ती बापाकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून थेट जोडलेल्या बोटांवर उतरत होतं.

सांगायचं ते बापूरावांनी सोडून दिलं. त्यांचा ऊर भरून आला होता आणि असा भरलेला ऊर नळीवाल्या माणसाला जड जातो. त्यांनी लांब श्वास घेतला, अंगठे टेकवले आणि पुढचं शील म्हटलं. मांडवाने ते त्यांच्या मागून म्हटलं, सगळ्यांत मोठ्याने पंचशीलाने.