फुकटच्या ॲपमुळे मोडू घातलेलं लग्न

निवृत्त झालो तरी काही चेहरे डोळ्यांसमोरून हलत नाहीत. भुईगावच्या त्या मुलीचा चेहरा त्यांपैकीच एक. तेव्हा मी वसईत पोलीस निरीक्षक होतो.

सकाळची हजेरी आटोपली होती. ती वडिलांसोबत आली. भाजी-फुलांची वाडी कसणारी माणसं, नाकासमोर चालणारी. मुलीचं लग्न ठरलेलं, आणि अनोळखी नंबरांवरून तिला धमक्या येत होत्या: ‘हे लग्न मोड, नाहीतर तुझं बोलणं गावभर करीन.’ सोबत तिने होणाऱ्या नवऱ्याला लिहिलेला मजकूर, जसाच्या तसा.

“हे दोघांतलं बोलणं, साहेब. त्या पोराशिवाय कोण असणार?” वडील म्हणाले. “मी आजच नकार कळवतो.”

“तो असं नाही करणार, पप्पा,” मुलगी रडत म्हणाली.

“नकार काय, उद्याही कळवता येईल,” मी म्हणालो. “आधी मला त्याच्याशी बोलू द्या.”

महिला उपनिरीक्षकांनी जबाब घेतला, गुन्हा दाखल केला. मुलाला बोलावलं. बोळिंजला राहणारा, नोकरदार. मनात पाप असलेला माणूस ठाण्यात आला की फोन खिशात दडवतो. याने लॉक उघडून टेबलावर ठेवला. त्यात आक्षेपार्ह काही नव्हतं.

“तिच्या फोनमध्ये अलीकडे नवीन काय आलं?” मी विचारलं.

तो आठवून म्हणाला, “एक ॲप, सर. साखरपुड्याच्या फोटोंचा व्हिडिओ बनवायला. ते पैसे भरून घ्यावं लागतं. मोबाइलच्या दुकानवाल्याने तेच फुकट टाकून दिलं, असं बोलली होती.”

तपासाला दिशा मिळाली ती इथे. आमची एक महिला शिपाई साध्या वेशात त्या दुकानात गेली आणि तेच ॲप मागितलं. “कशाला पैसे भरता, ताई? द्या इकडे,” म्हणत त्याने स्वतःच्या कॉम्प्युटरवरून ते फोनमध्ये टाकलं, विचारलेल्या सगळ्या परवानग्याही स्वतःच देऊन टाकल्या. सायबर शाखेने तो फोन तपासला. स्क्रीनवर जे दिसेल ते सगळं त्या दुकानाच्या कॉम्प्युटरवर पोहोचत होतं.

चौकशीत दुकानवाला आधी चढ्या आवाजात बोलला. “लोकांनाच फुकट पाहिजे, साहेब. मी काय केलं?”

“फोटो जोडायला तिचं बोलणं कशाला वाचावं लागतं?”

त्याने पाणी मागितलं. मग म्हणाला, “ती दुकानात यायची, हसून बोलायची. वाटलं, हे लग्न मोडलं तर आपलं जमेल.”

त्याला अटक केली, कॉम्प्युटर जप्त केला. आणखी काही मुलींच्या फोनमधून ते ॲप काढून टाकलं. त्यांना तर याचा पत्ताही नव्हता.

पुरवणी जबाबासाठी मुलगा ठाण्यात आला, तेव्हा मुलीचे वडील त्याच्यासमोर हात जोडून उभे राहिले. त्याने ते हात खाली घेतले. “पप्पा, पत्रिका छापायच्या राहिल्यात. चला.”

त्या लग्नात मी पोटभर जेवलो.

फुकटची ॲप्स मीही वापरतो. जाहिराती दाखवतात, म्हणजे त्यांचं पोट कशावर चालतं ते कळतं. पैशाचं ॲप आपली किंमत आधीच सांगतं. पण विकत मिळणारी वस्तू कोणी आपणहून फुकट देऊ लागला, तर त्याला त्यात काय मिळतं, हे विचारायला लाजू नये.

तपास म्हणजे गुन्हेगार पकडणं, असं लोक समजतात. निर्दोष माणसावरचा संशय पुसणं हे त्यातलं निम्मं काम, आणि मला विचाराल तर जास्त समाधानाचं.