यादीत न आलेली वीज

विजेला मी लहानपणापासून भिते, आणि तरी दोन उन्हाळे मी वीज पडण्याची वाट बघत बसले. विष्णुपुरीला मी इंजिनिअरिंगच्या पोरांना शिकवते. देशात ठिकठिकाणी विजांची नोंद घेणारी यंत्रं आहेत. वीज पडली की त्यांना ती दुरून कळते आणि मोबाइलच्या नकाशावर लाल ठिपका उमटतो. तो ठिपका किती खरा, हे आम्हाला तपासायचं होतं. त्यासाठी वीज हमखास जिथं येते अशी जागा हवी, म्हणजे उंच टॉवर.

मुखेडहून अहमदपूरकडे जाताना एका माळावर टीव्हीचा जुना टॉवर आहे. त्याच्या पायाला आम्ही तारेचं वेटोळं बसवलं. टॉवरमधून वीज गेली की शेजारच्या वॉचमनच्या खोलीतल्या पेटीवर दिवा लागायचा आणि वेळेची नोंद व्हायची. ती वेळ नंतर नकाशाच्या यादीशी ताडून बघायची. खिडकीत एक कॅमेराही होता.

टॉवरच्या वॉचमनना मी मामा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला मामी. मामी खालच्या उतारावर शेळ्या चारायच्या. त्यांच्या फोनमध्ये ते विजेचं ॲप मीच टाकून दिलं होतं. ‘नकाशावर आपल्याभोवती हा गोल आहे ना, त्यात लाल ठिपका आला की घर गाठायचं,’ असं शिकवलं होतं. तेव्हा फार मोठं काम केल्यासारखं वाटलं होतं.

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी उदगीरच्या बाजूनं आभाळ काळंनिळं होऊन वर आलं. वारं एकदम पडलं. मामांचा फोन वाजला. मामी होत्या.

“मॅडमला इचारा, येऊ का? शेळ्या आत्ताच कुठं चराय लागल्यात.”

मी नकाशा बघितला. ठिपके लांब होते. आमच्या भोवतीचा गोल रिकामा होता.

“अजून लांब आहे मामी,” मी म्हणाले. “अर्धा तास तरी आहे.”

“हाव,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पाच मिनिटंही झाली नसतील. खिडकी पांढरी झाली, आणि त्याच क्षणी असा आवाज झाला की माझे दात एकमेकांवर आपटले. पेटीवरचा दिवा लागला. टॉवरमधून वीज गेली होती. मी फोन उघडला. गोल रिकामा. पुन्हा उघडला. रिकामाच.

मी सांगितलेल्या अर्ध्या तासाच्या भरवशावर मामी उघड्या माळावर होत्या.

मामांनी फोन लावला. रिंग जात राहिली.

“उचलंना की ओ,” ते म्हणाले. पुन्हा लावला. मग खिशात टाकून दाराकडे निघाले.

मी दारात आडवी उभी राहिले. “मामा, आत्ता नाही.”

“सरका मॅडम. माझी बायको हाय तितं.”

“तुम्ही टॉवरखालून जाल. दोघंही जाल.”

“तुमीच म्हन्ले की लांब हाय म्हनून!”

मी सरकले नाही. मागं दुसऱ्यांदा दिवा लागला, आणि मामा मटकन खाली बसले. बाहेर पाऊस कोसळत होता. ते गुडघ्यांत डोकं घालून मामीचं नाव घेत होते, आणि मी दाराची कडी दोन्ही हातांनी धरून उभी होते. मी बरोबर करतेय की एका माणसाला त्याच्या मरणाऱ्या बायकोपासून अडवून धरलंय, ते मला कळत नव्हतं.

गडगडाट लांब गेल्यावर आम्ही दोघं उताराकडे पळालो. एका बाभळीची साल उभी फाटली होती आणि तिच्याखाली दोन शेळ्या मरून पडल्या होत्या. चिखलात मामीचा फोन होता. मामी नव्हत्या.

“अवो!” रस्त्याकडून हाक आली. तिथं एक टेम्पो उभा होता आणि मामी त्यातून उतरत होत्या, ओल्याचिंब.

“हाताचे केस उभे ऱ्हायले,” त्या म्हणाल्या. “मंग कशाच्या शेळ्या न् कशाचा फोन. पळाले. टेम्पोवाल्यानं काचा लावून आत घेतलं.”

मामांनी बायकोचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मी तिथंच चिखलात बसले आणि रडले.

सोमवारी कॅमेऱ्यातलं चित्र बघितलं. पहिली वीज आभाळातून खाली आलीच नव्हती. टॉवरच्या टोकावरून ती वर चढली होती, फांद्या वरच्या बाजूला उघडलेल्या. यादीत ती कुठंच नव्हती. दुसरी होती, पण शेजारच्या गावात दाखवलेली. नोंद ठेवणाऱ्या ऑफिसला मी कळवलं. तिथले साहेब सरळ माणूस होते. म्हणाले, “उंच टॉवरवरून वर चढणाऱ्या विजा आमच्याकडून कधीकधी सुटतात.” हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. वर्गात शिकवलंही होतं. आणि तरी मामींना अर्धा तास दिला होता.

पुढच्या शनिवारी जायचा धीर होत नव्हता, पण गेले. मामांनी चहा दिला. मग विचारलं, “मॅडम, फोनवर इस्वास ठेवायचा का न्हाई?”

“ठिपका आला तर पळायचं,” मी म्हणाले. “ठिपका नाही म्हणून मात्र थांबायचं नाही. गडगडलं की आत.”

“मग ते आमाला पयलेपासून ठाव होतं की,” मामा म्हणाले.