हात्सुएच्या छपरावरचं बर्फ

छपरावर बर्फ किती साचलंय हे बघायला आमच्याकडे कुणी बाहेर जात नाही. घरातली सरकती दारं अडखळायला लागली की समजायचं, वर ओझं झालंय, फावडं काढा. हात्सुएचं मधलं दार अडखळलं की ती ओसरीवरून हाक मारायची, "भावजी, दार कुरकुरतंय हो!" आणि समोरच्या घरातला किन्साकू फावडं घेऊन निघायचा. एकोणीस हिवाळे असंच चाललं होतं.

किन्साकू म्हणजे बहात्तर वर्षांचा काटकुळा विधुर, नाकावर माशी बसू न देणारा. फावडं लाकडाचं, बापाच्या हातचं. बर्फ चिकटू नये म्हणून त्याला तो मेणबत्ती घासायचा आणि पत्र्याची फावडी वापरणाऱ्यांना सरळ नावं ठेवायचा. बर्फाचे चौकोन टोफूच्या वड्यांसारखे नीट कापायचे, छपराच्या पत्र्याला ओरखडा नको म्हणून वीतभर थर राखायचा, हे त्याच्याकडून शिकावं. हे तोही सगळ्यांना सांगायचा, न विचारता.

हात्सुएचा नवरा शोहेई हा किन्साकूचा जिवलग मित्र. वीस वर्षांपूर्वी तो स्वतःच्याच वळचणीवरून बर्फासकट खाली गेला आणि लोकांनी उकरून काढेपर्यंत संपला होता. पुढच्या हिवाळ्यात किन्साकू आपणहून तिच्या शिडीवर चढला. काम झालं की ती चहा द्यायची, मुळ्याचं लोणचं आणि घरी वाळवलेली पर्सिमनची दोन गोड फळं. एक तो तिथे खायचा, दुसरं घरी नेऊन तीन दिवस पुरवून खायचा. त्याच्या मनात काय होतं ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. तो मात्र तिला वहिनीच म्हणत राहिला.

यंदा जानेवारीत चार दिवस बर्फ पडलं तरी हाक आली नाही. पाचव्या सकाळी किन्साकू न राहवून फावडं घेऊन गेला, तर छप्पर मोकळं! कडा सुतात, वीतभर थर शाबूत. ओसरीवर तोकुझो बसलेला. चाळीस वर्षं शहरात इमारती बांधून शरद ऋतूत गावी परतलेला, पासष्टीचा, दांडगा गडी. आणि त्याच्या तोंडात पर्सिमन.

"या दादा!" तोकुझो म्हणाला. "हात्सू, दादांना चहा आण गं."

हात्सू! दोघं एका वर्गात होते म्हणून काय झालं? किन्साकूच्या अंगाचा तिळपापड झाला.

"पत्र्याचं फावडं वापरलंस वाटतं," तो छपराकडे बघत म्हणाला.

"हलकं पडतं हो. तुम्हीही घ्या, या वयात बरं."

"वय कशाला काढतोस? कामाचं बोल."

"भावजी, बसा ना," हात्सुए दारात येऊन म्हणाली.

"नको वहिनी. जागा भरलेली दिसतेय."

घरी जाऊन तो दोन दिवस जळत बसला. आयत्या बिळावर नागोबा, मेला! एकोणीस वर्षं आपण कंबर मोडायची आणि फळं यानं खायची. फळंसुद्धा मोजली होती त्यानं, बशीत तीन होती. आपल्याला कधी दोनाच्या वर मिळाली नाहीत.

मग पुन्हा बर्फ पडलं, ओलं आणि जड. या वेळी किन्साकूने हाकेची वाट पाहिली नाही. उजाडताच शिडी लावली. चढण्याआधी घरातल्यांना "वर चाललोय" असं ओरडून सांगायची रीत आहे, तीही पाळली नाही. तोकुझो याच रस्त्याने येणार, म्हणून छपराच्या दोन उतारांपैकी रस्त्याकडचंच पाखं आधी घेतलं. दिसू दे त्याला, कापणं कशाला म्हणतात! दोन तासांत ते पाखं असं स्वच्छ केलं की तिशीतल्या किन्साकूनेही मान डोलवली असती.

आता इथे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल, छप्पर दोन्ही बाजूंनी थोडं थोडं उतरवायचं. एक पाखं मोकळं आणि दुसऱ्यावर डोंगर राहिला की घर जड बाजूला झुकतं. हेच तो पन्नास वर्षं इतरांना शिकवत आला होता. पण मत्सराला कुठली रीत?

आढ्याखालून लाकूड कण्हलं. गुडघ्यात कळ आली म्हणून तो तेवढ्यात खाली उतरत होता, तर आतून हात्सुएचा आवाज, "कोण आहे वर? दार उघडत नाहीये!"

पुढचं दार हलेना, मागचंही हलेना. चौकटी तिरक्या होऊन बसल्या होत्या. किन्साकू दार ओढत राहिला. तुळई मोडली तर? आपल्याच हाताने, शोहेईच्या घरात?

तोकुझो धावत आला. वर एक नजर टाकताच सगळं समजला. "दादा, तुम्ही दाराशी थांबा, तिच्याशी बोलत राहा," एवढं म्हणून ओरडला, "हात्सू, वर चाललोय!" आणि मागच्या पाखावर चढला. किन्साकू दाराशी उभा राहून "वहिनी, आहे मी, आहे" म्हणत राहिला. तासाभराने दार करकरत सरकलं.

हात्सुए पांढरीफटक पडली होती. किन्साकूने मान खाली घातली. "माझी चूक झाली, वहिनी. त्याला बोलावलंत ते मला सोसलं नाही. माझ्या कामात काय खोट होती ते तरी सांगा."

"काम?" ती भडकली. "कामाचं कोण बोलतंय? गेल्या वर्षापासून तुमचा डावा पाय घासत पडतो. मला ऐकू येतं खाली. शोहेईंची पावलं वर थांबली तेव्हा मी चहाच ओतत होते, भावजी. तोकुझो वर असला की मी निवांत चहा पिते. तुम्ही वर असलात की एक घोट खाली उतरत नाही. एकोणीस वर्षं माझा चहा तसाच गार होतोय!"

इतकी वर्षं काम संपलं की किन्साकू गरम चहा पीत होता. तिचा कप त्याने कधी पाहिलाच नव्हता.

फेब्रुवारीत दार पुन्हा कुरकुरलं. तोकुझो वर चढला आणि किन्साकू पहिल्यांदाच खाली, तिच्या शेगडीशी बसला. वर पावलं दणदण वाजत होती. मेल्याच्या पायात दम होता, नाकारून चालणार नव्हतं, आणि ते अजूनही झोंबत होतं. त्याने बशीतली फळं मोजली. मग समोर बघितलं. हात्सुएने कप तोंडाला लावला होता आणि त्यातून वाफ येत होती.